रिचमंडची ट्राम (१८८८): ‘पहिली’ नव्हती, मग तिचं श्रेय नेमकं कशाचं?

रूळकरी

ट्रामच्या इतिहासावर मराठीत कुठेही लेख आला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘जगातली पहिली विजेवरची ट्राम १८८८ साली अमेरिकेत रिचमंडला धावली.’ हे वाक्य चूक आहे आणि ते सुधारायला हवं, म्हणून हा धागा.

बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला सीमेन्सची ट्राम १६ मे १८८१ पासून चालत होती. बाल्टिमोरला लिओ डाफ्टने १८८५ मध्ये तिसऱ्या रुळातून वीज घेऊन इंजिन चालवलं. १८८६ मध्ये अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत चार्ल्स व्हॅन डेपोलेने शहरभरची ट्राम विजेवर आणली. म्हणजे रिचमंडच्या आधी सात वर्षं हा प्रकार लोकांच्या डोळ्यांसमोर होता.

तरीही १८८८ नंतर जो तो पाहायला गेला तो रिचमंडलाच. व्हर्जिनिया राज्याची राजधानी असली तरी गाव लहान. १८९० च्या शिरगणतीत वस्ती ८१,३८८. जेम्स नदीच्या काठी, टेकड्यांवर वसलेलं. कंपनीचं नाव रिचमंड युनियन पॅसेंजर रेल्वे. विजेचं सगळं काम घेतलं अभियंता फ्रँक स्प्रेगने, आणि नियमित गाड्या सुरू झाल्या २ फेब्रुवारी १८८८ रोजी.

माझं मत असं की श्रेय एकाच गोष्टीचं आहे: मोटर चाकाच्या आसावर टांगायची स्प्रेगची पद्धत. बाकीचं आज ना उद्या कुणीही जमवलं असतं. जाणकारांनी खोडून काढावं.

जुना_नकाशा

खोडून काढतो. मोटर टांगण्याआधी करार बघा.

मे १८८७ मध्ये स्प्रेगने जे कबूल केलं ते असं: सुमारे १२ मैलांच्या मार्गावर विजेची व्यवस्था, ४० डबे, प्रत्येकी दोन अशा ८० मोटरी आणि ३७५ अश्वशक्तीचं वीजघर. एका वेळी ३० डबे चालले पाहिजेत. मुदत ९० दिवस. किंमत १,१०,००० डॉलर, आणि तेही काम समाधानकारक ठरलं तरच मिळणार. सही झाली तेव्हा रूळसुद्धा टाकलेले नव्हते.

८० हा आकडा डोळ्यांसमोर आणा. त्या काळी बाकीच्या सगळ्या जगातल्या विजेच्या ट्रामगाड्यांवर मिळून जेवढ्या मोटरी असतील, जवळजवळ तेवढ्या एकट्या रिचमंडमध्ये लागणार होत्या. मॉन्टगोमेरीला कमी लेखत नाही, पण दहाबारा मोटरींचं काम आणि ८० मोटरींचं काम ही एकाच कामाची दोन मापं नव्हेत. दहा मोटरी असतील तर हुशार मिस्त्री रोज रात्री त्या खोलून ठीक करतो. ८० मोटरींना ते जमत नाही. तिथे रचनाच अशी लागते की मोटर रोज खोलावी लागू नये.

चौथा_गियर

जुना_नकाशा, रुळांचं लिहायचं राहिलं. रूळ स्प्रेगने टाकले नव्हते, ते त्याला मिळाले. गजाला २७ पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला साधारण १३.४ किलो. आपल्या रेल्वेच्या मुख्य मार्गावर आज ६० किलोचा रूळ असतो. त्यात ते ओबडधोबड जोडलेले, खाली खडी नाही, सैल तांबडी माती. पाऊस पडला की सांधा खचायचा आणि चिखल रुळावर यायचा. चढ ८ टक्के असतील असं धरलं होतं, प्रत्यक्षात १० टक्क्यांपर्यंत निघाले.

मीनल_द

१० टक्के चढ म्हणजे नेमकं किती अवघड? आपल्या घाटातल्या रेल्वेशी तुलना करून कुणी सांगेल का?

चौथा_गियर

@मीनल_द, खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के. रिचमंडचा १० ला १. जवळजवळ चौपट.

हिशेब करून बघू. प्रवासी धरून डबा ६ टनांचा समजा. १० टक्के चढावर वजनाचा दहावा हिस्सा मागे ओढतो, म्हणजे ६०० किलोचा ओढा, साधारण ५,९०० न्यूटन. डब्याखाली ७.५ अश्वशक्तीच्या दोन मोटरी, एकूण १५ अश्वशक्ती, म्हणजे ११.२ किलोवॅट. ११,२०० भागिले ५,९०० केलं की सेकंदाला १.९ मीटर येतात. कागदावर ताशी सात किलोमीटर. गियरमध्ये आणि चिखलाच्या रुळांत चौथा हिस्सा गेला असं धरलं तर ताशी पाच. माणूस चालतो तो वेग.

अडचण खरी पुढेच आहे. मोटर जोरात फिरली तरच तिला ७.५ अश्वशक्ती देता येते. चाक इतकं हळू फिरत असताना मोटर जोरात फिरायची तर मधे दातांचं गुणोत्तर मोठं हवं. पहिल्या रचनेत गियरची एकच जोडी होती, ती सपाट रस्त्याला ठीक. चढावर मोटर दमते, वेग पडतो, वेग पडला की फिरणारी मोटर स्वतःच तयार करते तो विरोधी विजेचा दाब कमी होतो आणि प्रवाह वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर तारांत उष्णता चौपट. मग आर्मेचरचं, म्हणजे मोटरीच्या आतल्या फिरत्या भागाचं, इन्सुलेशन जळायला फार वेळ लागत नाही. म्हणून मधे आणखी एक दांडा घालून गियरच्या दोन जोड्या कराव्या लागल्या. हा बदल ऐन कामात, मुदत संपत आलेली असताना.

दुसरं, चाकाची पकड. १० टक्के चढावर रूळ आणि चाक यांच्यात किमान ०.१० घर्षण लागतं. कोरड्या रुळावर याच्या दुप्पट सहज मिळतं, ओल्या तांबड्या मातीत तेवढंही नाही. म्हणून दोन्ही आसांना मोटर हवी, म्हणजे डब्याचं सगळं वजन पकडीला मिळतं. आणि शिवाय रुळावर टाकायला वाळू.

आर्मेचर

रूळकरींनी मोटर टांगण्याचा उल्लेख केला पण रचना सांगितली नाही. ती सांगतो, कारण आजही ती आपल्या पायाखाली आहे.

व्हॅन डेपोले मोटर डब्याच्या पुढच्या ओट्यावर ठेवायचा आणि साखळीने चाकाला जोडायचा. डबा स्प्रिंगवर बसलेला, चाक रुळावर. खड्डा आला की डबा खाली जातो, चाक जात नाही. त्यामुळे मोटर आणि आस यांच्यातलं अंतर सतत कमीजास्त. साखळी कधी सैल, कधी ताण. आज कडी तुटली, उद्या दात उतरले. पट्टा लावला तर तो पावसात घसरतो.

मोटर सरळ आसावर पक्की बसवली तर अंतर बदलत नाही, पण प्रत्येक सांध्याचा हातोडा थेट मोटरीवर. २७ पौंडी रुळावर हे मारकच.

स्प्रेगने मधला रस्ता काढला. मोटरीच्या एका बाजूला दोन बेअरिंगं, ती थेट चाकाच्या आसावर बसवलेली, म्हणजे मोटर आसाभोवती झुलू शकते. दुसऱ्या बाजूला एक नाक, ते गाडीच्या सांगाड्याला स्प्रिंगने टांगलेलं. डबा वरखाली झाला की मोटर आसाभोवती किंचित फिरते. पण आर्मेचरच्या दांड्यावरचं पिनियन (लहान दातेरी चाक) आणि आसावरचं मोठं दातेरी चाक यांच्या केंद्रांतलं अंतर बेअरिंगांनी बांधलेलं, त्यामुळे दात जिथे अडकले आहेत तिथेच राहतात. मोटरीचं साधारण निम्मं वजन आसावर येतं, निम्मं स्प्रिंगवर. एकचाकी हातगाडीसारखं.

अर्थात यालाही किंमत आहे. आसावरचं निम्मं वजन स्प्रिंगशिवायचं, ते सांधे ठोकत राहतं. बेअरिंगमध्ये तेल कमी पडलं आणि ते झिजलं की पिनियन बाहेर सरकतं, दातांच्या टोकांवर भार येतो आणि दात तुटतात. गियर वाजायला लागला तर गियरकडे पाहण्याआधी ते बेअरिंग बघायचं, हा नियम तेव्हापासूनचा.

कोकणकन्या

@आर्मेचर, ‘पायाखाली आहे’ हे शब्दशः खरं. डब्ल्यूडीएम २ डिझेल इंजिनाच्या सहाही मोटरी अशाच नाकावर टांगलेल्या. वेगवान गाड्यांच्या डब्ल्यूएपी ५ मध्ये ही पद्धत सोडली, कारण ताशी १६० ला आसावरचं ते निम्मं वजन रुळांना सोसत नाही.

मीनल_द

खेचरांची गोष्ट खरी आहे का? चढावर ट्राम बंद पडली आणि खेचरांनी ओढून नेली, असं कुठेतरी वाचलं होतं.

जुना_नकाशा

खरी आहे, आणि ती स्प्रेगने स्वतः लिहून ठेवली आहे. १८८७ च्या नोव्हेंबरातली रात्रीची चाचणी. फ्रँकलिन स्ट्रीटची टेकडी चढते का ते पाहायचं होतं. गाडी एकेक चढ चढत माथ्यापर्यंत गेली, पण तोवर मोटरी इतक्या तापल्या होत्या की आर्मेचर गेलं आणि गाडी जागीच थांबली. भोवती बघ्यांची गर्दी. स्प्रेगने आपला साहाय्यक डाना ग्रीन याला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की किरकोळ बिघाड आहे, जाऊन ‘उपकरणं’ घेऊन ये. स्वतः डब्यातल्या बाकावर आडवा झाला. गर्दी पांगली तेव्हा ग्रीन ‘उपकरणं’ घेऊन आला: चार दणकट खेचरं.

पण त्या रात्रीचा उपयोग लक्षात घ्या. १० टक्क्यांवर चाक घसरणार, हे काम होणारच नाही, असं सांगणारे खूप होते. चाक घसरलं नाही, गाडी माथ्यावर गेली. हरली ती मोटर, पकड नव्हे. आणि मोटर सुधारता येते. चौथा_गियर यांनी सांगितलेली गियरची दुसरी जोडी आली ती यानंतर.

हेही सांगायला हवं की काम सुरू झाल्यावर लगेच स्प्रेग विषमज्वराने आजारी पडला. त्या काळात काम पुढे ओढलं ते ऑस्कर क्रॉसबी आणि डाना ग्रीन या दोघांनी. एक सैन्यातून आलेला, दुसरा आरमारातून. स्प्रेगही अॅनापोलिसच्या आरमारी अकादमीचा, १८७८ चा पदवीधर. सगळं एका माणसाच्या नावावर लिहून मोकळं होणं मला पटत नाही.

टपावरचा_माणूस

वरच्या तारेबद्दल कुणीच लिहिलं नाही.

सुरुवातीच्या बऱ्याच रचनांत तारेच्या वर चालणारी छोटी गाडी असायची आणि ती दोरीसारख्या केबलने डब्यामागे ओढली जायची. ती तारेवरून घसरली की थेट खाली, लोकांच्या डोक्यावर. रिचमंडला तारेच्या खालून दाबणारी पद्धत पक्की झाली: टपावर स्प्रिंगचा बुंधा, त्यावर तिरका दांडा, टोकाला खाच असलेलं चाक, आणि ते स्प्रिंगच्या जोराने तारेला खालून चिकटलेलं. हे टोक ठरेपर्यंत कितीतरी नमुने करून टाकून दिले.

स्प्रिंगचा जोर हा इथे सगळा खेळ आहे. कमी पडला तर सांध्यांवर चाक उडतं, ठिणगी पडते, तारेला खड्डा पडतो आणि पुढच्या गाडीचं चाक त्याच खड्ड्यावर उडतं. जास्त झाला तर तार उचलली जाते, चाकाची खाच झिजते, आणि चाक निसटलंच तर दांडा सपकन वर जाऊन आडव्या तारा तोडतो. म्हणून दांड्याला दोरी, आणि दोरीवर कंडक्टरचं लक्ष. शेवटच्या थांब्यावर दांडा फिरवून मागे करायचा. तो नेहमी मागे ओढला गेला पाहिजे. पुढे ढकलत नेला तर पहिल्याच वळणावर अडकतो.

वळणावर तार गोल नसते. ती सरळ तुकड्यांची असते आणि खांबांकडे ओढून धरलेली. खांब कमी लावले तर तुकडे लांब होतात, कोन तीव्र होतो आणि चाक नेमकं त्या कोनावर निसटतं. वळणावर दांडा वारंवार उतरत असेल तर दोष शंभरातल्या नव्वद वेळा खांबांच्या संख्येत असतो.

हिवाळ्यात तारेवर बर्फाचं कवच चढायचं. बर्फ वीज वाहून नेत नाही, गाडी जागच्या जागी. मग टपावर माणूस झाडू घेऊन उभा आणि तार झाडत गाडी पुढे. त्याच तारेत ४५० व्होल्ट.

पाटीपेन्सिल

टपावर उभं राहून ४५० व्होल्टची तार झाडायची? शॉक कसा बसत नव्हता?

टपावरचा_माणूस

टप लाकडाचा, झाडूचा दांडा लाकडाचा. परतीचा मार्ग रुळातून, आणि माणूस रुळापासून तुटलेला. शॉक बसायला तारेला आणि जमिनीला जोडलेल्या लोखंडाला एकाच वेळी हात लागायला हवा. लाकूड ओलं झालं की ही खात्री संपते. धोका होताच.

आर्मेचर

रूळकरींचं ‘श्रेय एकाच गोष्टीचं’ हे मला का पटत नाही ते आता सांगतो. मोटर कितीही छान टांगा, ब्रशने, म्हणजे फिरत्या आर्मेचरला टेकून वीज पोचवणाऱ्या तुकड्याने, दगा दिला तर डबा उभाच.

रिचमंडच्या मोटरींना सुरुवातीला धातूचे ब्रश होते. कम्युटेटर (आर्मेचरच्या दांड्यावरचं तांब्याच्या पट्ट्यांचं नळकांडं) फिरतो तेव्हा ब्रश एका क्षणी शेजारच्या दोन पट्ट्यांवर टेकलेला असतो, म्हणजे त्यांच्यामधल्या वेटोळ्याचं शॉर्टसर्किट. धातूचा विरोध नगण्य, त्यामुळे त्या वेटोळ्यात मोठा प्रवाह फिरतो आणि पट्टी सुटताना ठिणगी पडते. कारखान्यातल्या मोटरीत भार ठरलेला, दिशा ठरलेली, म्हणून ब्रश थोडा सरकवून ठिणगी नसलेली जागा शोधता येते. ट्रामचा भार दर मिनिटाला बदलतो आणि दिशा प्रत्येक फेरीला उलटते. ती जागा एका ठिकाणी राहतच नाही. त्यात धातूचे ब्रश तिरके टेकवलेले असायचे. उलट फिरवलं की त्यांची टोकं कम्युटेटरमध्ये रुततात.

परिणाम असा की ब्रश झपाट्याने संपायचे, पितळेचा चुरा पट्ट्यांमध्ये भरायचा आणि रात्री कम्युटेटर कानशीने साफ करत बसावं लागायचं. प्रत्येक घासणीत तांबं कमी होतं, कम्युटेटरचा गोलवा बिघडतो, ब्रश उडायला लागतो आणि ठिणगी वाढते. स्वतःलाच खाणारं दुखणं.

उपाय कार्बनचा. कार्बनच्या टेकण्याच्या जागी विरोध जास्त, त्यामुळे तो फिरता प्रवाह तिथेच दबतो. तो सरळ, त्रिज्येच्या दिशेने बसवता येतो, म्हणून दोन्ही दिशांना सारखाच चालतो. शिवाय तो कम्युटेटरवर काळपट तुकतुकीत थर चढवतो, त्याने झीज कमी होते. आणि हे श्रेय जातं व्हॅन डेपोलेकडे, १८८८ मध्ये. ज्याच्या मॉन्टगोमेरीला आपण मागे टाकतो आहोत त्याच माणसाकडे.

आजही मोटर दुरुस्तीच्या दुकानात कुणी ‘ब्रश बदला’ म्हणत नाही, ‘कार्बन बदला’ म्हणतात.

चौथा_गियर

कार्बनवर एक पुरवणी. नवा कार्बन तसाच लावला तर त्याचं तोंड सपाट आणि कम्युटेटर गोल, म्हणून तो फक्त कडेवर टेकतो आणि जळतो. काच-कागदाची पट्टी खरखरीत बाजू कार्बनकडे ठेवून कम्युटेटरवर गुंडाळायची, स्प्रिंगचा जोर चालू ठेवायचा आणि पट्टी मोटर फिरते त्या दिशेने ओढायची. परत आणताना कार्बन उचलायचा. एमरी पेपर वापरायचा नाही, त्याचे कण तांब्यात रुततात आणि नव्या कार्बनला खातात. शेवटी सगळी भुकटी फुंकून काढायची, कारण कार्बनची भुकटी वीज वाहते आणि पट्ट्यांच्या मधे बसली तर पुन्हा तेच शॉर्टसर्किट.

सांधेवाला

सगळे वर बघताहेत, कुणी खाली बघेल का? वीज तारेतून आली, मोटरीतून गेली, आता घरी कशी जाणार? रुळातून. आणि रूळ सांध्यांवर तुटलेला असतो. फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) आणि रूळ यांच्यामधे गंज बसला की तो सांधा यंत्रासाठी ठीक, विजेसाठी बंद. म्हणून प्रत्येक सांध्यावर तांब्याची तार दोन्ही रुळांत भोक पाडून ठोकून बसवायची. ही एक तार निघाली तर त्या टप्प्यातल्या गाड्या दमल्यासारख्या चालतात, आणि लोक मोटरीला दोष देतात.

परतीची वाट खराब असली की वीज दुसरी वाट शोधते. जमिनीतले पाण्याचे नळ ही तिची आवडती वाट. नळातून वाहत ती वीजघराजवळ बाहेर पडते, आणि जिथे बाहेर पडते तिथे लोखंड खाऊन टाकते. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शहराशहरांत पाणीखातं आणि ट्राम कंपन्या यावरून भांडत होत्या. तसंच टेलिफोनचं. त्या काळचे टेलिफोन एकाच तारेवर, परतीला जमीन. ट्राम सुरू झाली की फोनमध्ये गुणगुण. उपाय फोनलाच करावा लागला: दोन तारा.

जुना_नकाशा

वीजघर राहिलं. १२५ अश्वशक्तीची तीन वाफेची इंजिनं, ती एडिसनचे ४० किलोवॅटचे सहा डायनामो फिरवायची. म्हणजे एकूण २४० किलोवॅट. आता चौथा_गियर यांच्या हिशेबाने ३० डबे पूर्ण जोराने चढत असतील तर नुसत्या चाकांनाच ३३६ किलोवॅट हवेत. गणित जुळत नाही. जुळतं कारण एका वेळी काही डबे चढतात, काही उतरतात, काही थांब्यावर उभे. गाड्या जितक्या जास्त तितकी ही सरासरी सपाट. दहा गाड्यांच्या गावात हे उमगलं नसतं.

आणि याच मुद्द्यावर रिचमंडची सगळ्यात मोठी परीक्षा झाली. १८८८ च्या उन्हाळ्यात बोस्टनच्या वेस्ट एंड स्ट्रीट रेल्वेचे अध्यक्ष हेन्री व्हिटनी पाहायला आले. त्यांच्याकडे हजारो घोडे होते आणि ते जमिनीखालच्या केबलने ट्राम ओढण्याच्या विचारात होते. शंका अशी: मिरवणूक किंवा आग लागल्याने बऱ्याच गाड्या एका जागी तुंबल्या आणि मग एकदम सुटल्या तर?

स्प्रेगने रात्री गाड्या बंद झाल्यावर २२ डबे एकामागे एक उभे केले, अशा टप्प्यावर जिथली तार चार डब्यांच्या भाराला धरून घातली होती. वीजघरात निरोप: फ्यूज दाट बांध, दाब ५०० व्होल्टपर्यंत चढव आणि काही झालं तरी सोडू नकोस. इशारा झाला. पहिला डबा हलला, मग दुसरा, तिसरा. डब्यांतले दिवे मिणमिणते झाले, निखाऱ्यासारखे. पण विझले नाहीत. एकेक करत बावीसही डबे निघून गेले आणि पुढे गेल्यावर दिवे पुन्हा उजळले.

एका डब्याला सुटताना ५० अँपियर धरले तरी २२ डब्यांना ११०० होतात. वीजघराची ऐपत ५०० व्होल्टला ४८०. सगळ्यांनी एकाच क्षणी ओढलं असतं तर वीजघर बसलं असतं. एकामागून एक सुटल्याने निभावलं. बोस्टनने केबलचा बेत सोडला.

पाटीपेन्सिल

या चर्चेत प्रवासी कुठेच नाहीत, म्हणून लिहितो.

रिचमंडमध्ये कृष्णवर्णीय वस्ती मोठी होती आणि तीही याच गाड्यांतून फिरायची. १९०४ मध्ये राज्याने ट्राम कंपन्यांना गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांना वेगळं बसवायची मुभा दिली. सक्ती नव्हे, मुभा. तोवर शहरातली ट्राम व्हर्जिनिया पॅसेंजर अँड पॉवर कंपनीकडे गेली होती आणि त्या कंपनीने ती मुभा वापरायचं ठरवलं. कोण कुठे बसेल ते कंडक्टर ठरवणार. ‘रिचमंड प्लॅनेट’चे संपादक जॉन मिचेल आणि बँक चालवणाऱ्या मॅगी वॉकर यांनी बहिष्काराची हाक दिली आणि लोक पायी चालू लागले. त्याच वर्षी कंपनी कर्जापायी न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती गेली. बहिष्कार हे एकमेव कारण नव्हतं, १९०३ चा संप आणि आधीची देणीही होती. पण १९०६ मध्ये राज्याने मुभेची सक्ती केली आणि कंपनीला निवडच उरली नाही.

मॉन्टगोमेरीचं नाव धाग्यात आलंच आहे. १९५५ चा प्रसिद्ध बस-बहिष्कार त्याच गावातला. रिचमंडचा त्याच्या एकावन्न वर्षं आधी.

मीनल_द

हे माहीत नव्हतं. तंत्रज्ञानाच्या धाग्यात हे आणल्याबद्दल मनापासून धन्यवाद.

कोकणकन्या

थोडं अवांतर, पण दुवा खरा आहे.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली तेव्हा २० गाड्यांना २०० घोडे होते. गाडीमागे दहा. घोडा दिवसातून चारपाच तासच ओढू शकतो, आणि तो गाडी ओढो न ओढो, चंदी रोज लागते. आजार आला तर सगळी पागा एकदम आडवी. १८७२ मध्ये अमेरिकेत घोड्यांच्या साथीने शहरंच्या शहरं थांबली होती. गाडीमागे दोन मोटरी विरुद्ध दहा घोडे, व्हिटनींना हेच दिसलं. मुंबईत विजेची ट्राम आली ७ मे १९०७ ला.

पण स्प्रेगचं मुंबईवरचं मोठं ऋण ट्रामचं नाही, लोकलचं आहे. १८९७ मध्ये त्याने शिकागोच्या साउथ साइड उन्नत रेल्वेसाठी एक पद्धत काढली: अनेक डब्यांखाली मोटरी, पण सगळ्यांचा ताबा पुढच्या एका माणसाकडे. मोटरींचा जाड प्रवाह डब्याडब्यांतून न्यायचा नाही. बारीक तारांतून फक्त हुकूम जातो. प्रत्येक मोटर डबा आपला प्रवाह आपल्या डोक्यावरून घेतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल निघाली ती याच तत्त्वावर. बारा डब्यांच्या गाडीत मोटरमन पुढे असतो, पण मधल्या डब्यातही खालून गियरचा आवाज येतो, तो यामुळे.

सांधेवाला

+१. म्हणून गाडी कितीही लांब करता येते. इंजिन एकच असतं तर त्याच्या चाकांच्या पकडीपाशी सगळं अडलं असतं.

जुना_नकाशा

पैशाचं सांगून थांबतो. रिचमंडच्या कामात स्प्रेगला सुमारे ७५,००० डॉलरचा तोटा झाला. ९० दिवसांची मुदत तर केव्हाच उलटली होती. पण १८८९ पर्यंत त्याची यंत्रं वापरणारे सुमारे ११० मार्ग सुरू तरी झाले होते किंवा ठरले तरी होते, आणि १८९० मध्ये एडिसन जनरल इलेक्ट्रिकने त्याची कंपनीच घेतली. रिचमंडची ट्राम पुढे व्हर्जिनिया इलेक्ट्रिक अँड पॉवर या वीजकंपनीत गेली. शेवटची गाडी २५ नोव्हेंबर १९४९ ला धावली.

रूळकरी

सगळ्यांचे आभार. ‘श्रेय एकाच गोष्टीचं’ हे माझं म्हणणं मागे घेतो. आर्मेचर यांचा ब्रशचा प्रतिसाद आणि वीजघराचा हिशेब वाचल्यावर ते टिकत नाही. नाकावर टांगलेली मोटर होती, पण धातूच्या ब्रशवर ती रोज बंद पडली असती. आणि दोन्ही असूनही गाड्या दहाच असत्या तर व्हिटनींच्या शंकेला उत्तर मिळालं नसतं.

लेखात जे वाक्य दुरुस्त करायचं आहे ते आता असं सुचवतो: ‘विजेची ट्राम १८८१ पासून होती, डोंगराळ शहरात, एकाच वीजघरावर, चाळीस गाड्यांनी ती रोजच्या रोज चालू शकते हे १८८८ साली रिचमंडमध्ये सिद्ध झालं.’ काही खटकतं का?

आर्मेचर

‘डोंगराळ’ऐवजी ‘चढउतारांच्या’ करा. आणि व्हॅन डेपोलेचं नाव कुठेतरी बसवा.

रूळकरी

दोन्ही केलं. कार्बनच्या वाक्यात त्याचं नाव घेतलं आहे, मॉन्टगोमेरीसह.